आई-बाबांना घेऊन कॅनकूनला जाताना

थंडी पडायला लागली की आपल्या मंडळींच्या गप्पांत कॅनकूनचे नाव हमखास निघते. शिकागोहून विमानात बसले की चार तासांत निळ्या समुद्रात पाय बुडवता येतात, त्यामुळे मोह पडतोच. त्यात भारतातून आई-वडील आलेले असले, की "त्यांनाही जरा फिरवून आणू" असे आपल्याला वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात दोन-तीन मैत्रिणींनी विचारले, "तुम्ही जाऊन आलात ना? बरोबर काय काय न्यायचं?" मी सनस्क्रीन, टोप्या असे सांगत राहिले, पण खरे सांगायचे होते ते जेवणाच्या रांगेत उभ्याने सांगण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही आणि विमा विकण्याचा माझा धंदाही नाही. जे अंगावर आले आणि त्यानंतर जे वाचले, विचारले, तेवढेच लिहिते आहे.

2023 च्या डिसेंबरात माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण गोळ्या वेळच्या वेळी घेणारे, रोज पहाटे फिरायला जाणारे. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण कॅनकूनला गेलो. पहिले दोन दिवस छान गेले. आईंनी साडी नेसूनच गुडघाभर पाण्यात उभे राहून नातवंडांबरोबर फोटो काढले. तिसऱ्या दिवशी चिचेन इट्झाचा पिरॅमिड पाहायला बसने गेलो. जायला-यायला मिळून पाच तास आणि तिथे मोकळ्या पटांगणात भर दुपारचे ऊन. बसमध्ये सारखे बाथरूमला जायला नको म्हणून बाबांनी दिवसभरात जेमतेम अर्धी बाटली पाणी प्यायले होते, हे आम्हाला नंतर कळले.

रात्री त्यांना जुलाब सुरू झाले. मुलांची सुट्टी कशाला बिघडवायची म्हणून त्यांनी आम्हाला उठवले नाही. सकाळी मी विचारले तर म्हणाले, "काही नाही गं, जरा पोट बिघडलंय. तुम्ही जा समुद्रावर." आणि नेमाने वागणारा माणूस, म्हणून अशा अवस्थेतही सकाळच्या सगळ्या गोळ्या घेतल्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीतच लघवी जास्त करवणारे औषध असते. तासाभराने ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले.

हॉटेलच्या डॉक्टरांनी लगेच हॉस्पिटलात न्यायला सांगितले. हॉस्पिटल स्वच्छ होते, डॉक्टर उत्तम इंग्रजी बोलत होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आत घेण्याआधी खिडकीवर क्रेडिट कार्ड मागितले, तीन हजार डॉलर अनामत. आमच्या ह्यांचे कार्ड चालले नाही, कारण परदेशी जातो आहोत हे बँकेला कळवले नव्हते आणि बँकेने ते संशयावरून अडवले होते. माझे दुसऱ्या बँकेचे कार्ड पर्समध्ये होते म्हणून निभावले. बाबा तिकडे चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसले होते आणि इकडे आम्ही यंत्रावर कार्ड घासत होतो. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

मग विमा कंपनीला फोन लावला. बाबा-आई येताना आम्ही त्यांचा सहा महिन्यांचा विमा काढला होताच. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले की ही पॉलिसी फक्त अमेरिकेतल्या उपचारांना लागू आहे. दोष त्यांचा नव्हता. दुसऱ्याच पानावर ते छापलेले होते. वाचायचे राहिले होते ते आमचे.

दोन रात्री सलाईन लावले. अंगातले पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडावर ताण आला होता. तो उतरला आणि बाबा तिसऱ्या दिवशी चालत बाहेर आले. बिल पाच हजार दोनशे डॉलर, सगळे खिशातून.

विम्याचेच आधी सांगते, कारण हॉटेल आणि तिकिटे शोधण्यात आपण चार-चार रात्री घालवतो आणि विम्याला दहा मिनिटे. आई-वडिलांसाठी इथे जे पाहुण्यांचे विमे मिळतात, त्यांत कित्येकांत अमेरिकेबाहेरच्या छोट्या सहलीला थोड्या दिवसांचे संरक्षण असते, काहींत अजिबात नसते. पॉलिसी विकत घेण्यापूर्वी हा एक प्रश्न विचाराच आणि उत्तर लेखी मागा. दुसरा प्रश्न जुन्या आजाराचा. मधुमेह किंवा रक्तदाब आधीपासून असेल तर त्याच्याशी संबंधित दुखणे बहुतेक पॉलिसी वगळतात. "जुना आजार अचानक उफाळला तर" एवढ्यापुरते पैसे देणाऱ्या काही असतात, पण त्यालाही वयाची आणि रकमेची मर्यादा असते. विमा भारतातूनच काढून येणार असतील, तर "अमेरिका-कॅनडासह संपूर्ण जग" अशी पॉलिसी मिळते का ते पाहावे. तिच्यात मेक्सिकोही येतो.

आता आपले स्वतःचे. नोकरीतून मिळालेला आरोग्यविमा परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे पैसे देतो की नाही, हे प्रत्येक योजनेवर अवलंबून असते. देत असला तरी बहुधा आधी आपण भरायचे आणि मग कागद पाठवून परत मागायचे. म्हणून हॉस्पिटलातून निघण्यापूर्वी खर्चाचा तपशीलवार कागद आणि डॉक्टरांचा रिपोर्ट, जमल्यास इंग्रजीत, हातात घेतल्याशिवाय निघू नका. आपल्यातले जे पासष्टी ओलांडून मेडिकेअरवर आले आहेत त्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण काही मोजके अपवाद सोडले तर मूळ मेडिकेअर अमेरिकेबाहेर एक पैसा देत नाही. जोडीला मेडिगॅप घेतला असेल तर त्याच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या योजनांत परदेशी तातडीच्या उपचारांची सोय आहे. सहलीच्या पहिल्या साठ दिवसांत उपचार सुरू झाले पाहिजेत, पहिले 250 डॉलर आपले, त्यापुढच्या खर्चाचे 80 टक्के ते देतात आणि जन्मभराची मर्यादा 50,000 डॉलर. मेडिकेअर ॲडव्हान्टेजवाल्यांनी आपापल्या योजनेला फोन करावा.

या सगळ्यातून जे सुटते त्यासाठी सहलीपुरता वेगळा विमा असतो. त्यात "विमानाने परत आणण्याचा खर्च" आहे का, ते पाहा. रुग्णाला डॉक्टर-नर्ससह खास विमानाने आणायचे तर पंचवीस हजार डॉलर आणि त्याहून पुष्कळ पुढे खर्च जाऊ शकतो. जुन्या आजारासाठीही यात सवलत मिळू शकते, पण बहुतेक कंपन्यांची अट अशी, की सहलीचे पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांच्या आत विमा घेतला पाहिजे. म्हणजे तिकीट काढले त्याच आठवड्यात हे काम उरकावे. वादळाचेही तसेच. त्या भागात 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. 2005 च्या ऑक्टोबरात विल्मा वादळाने कॅनकूनची दुर्दशा केली होती. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही. उन्हाळ्यात तिकिटे स्वस्त दिसतात त्याचे एक कारण हेही आहे. दुसरे कारण म्हणजे त्या महिन्यांत किनाऱ्यावर येऊन पडणारे सारगॅसमचे तपकिरी शेवाळ आणि त्याचा वास.

आता पोटाचे. "आम्ही भारतात वाढलो, आम्हाला काय होतंय" हा आपला गोड गैरसमज आहे. पंचवीस वर्षे इथले पाणी प्यायल्यावर आपले पोट इथलेच झालेले असते आणि मुलांचे तर जन्मापासून. नळाचे पाणी पिऊ नये, दातही बाटलीच्या पाण्याने घासावेत. मोठ्या हॉटेलांतला बर्फ सहसा शुद्ध केलेल्या पाण्याचा असतो. रस्त्यावरच्या गाडीचा मात्र टाळावा. तिथे आंबा, पपई, काकडी कापून वर तिखट-मीठ-लिंबू घालून विकतात. पाहिल्यावर थेट दादरची चौपाटी आठवते आणि हात आवरत नाही. आमच्या बाबांनी कशाने दुखणे ओढवून घेतले ते शेवटपर्यंत कळले नाही, पण त्या फळांवर माझा संशय आहे.

जुलाब झाले तर पहिले औषध म्हणजे पाणी, साखर आणि मीठ. आपण शाळेत ज्याला जलसंजीवनी म्हणून शिकलो तेच. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्याला साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी शोषता येते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे, आणि जुलाब चालू असतानाही ही क्रिया बंद पडत नाही. भारतातून येणाऱ्यांकडून दहा-बारा पाकिटे मागवून ठेवा. ती नसतील तर मेक्सिकोत औषधाच्या दुकानात "सुएरो ओराल" म्हणून मागा. तेही नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, त्याने अपायच होतो. खेळाडूंसाठी मिळणाऱ्या रंगीत पेयांत साखर फार आणि मीठ कमी असते. नारळपाणी किनाऱ्यावर जागोजागी मिळते आणि आपल्या माणसांचा त्याच्यावर भारी विश्वास, पण त्यात सोडियम थोडे आणि पोटॅशियम भरपूर असते. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे, किंवा ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळीनेच पोटॅशियम वाढते, त्यांनी शहाळ्यांवर शहाळी पिऊ नयेत.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हाला तिथल्या डॉक्टरांनी सांगितली. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झालेले असताना काही नेहमीच्या गोळ्याच त्रास देतात. लघवी वाढवणारी गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन या त्यांतल्या. अशा दिवसांत यांतले काय थांबवायचे आणि काय मुळीच थांबवायचे नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. मनाने ठरवू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवण जात नाही म्हणून ते परस्पर बंद करणे फार धोक्याचे.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी बसच्या प्रवासात उपयोगी पडते, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती घेऊ नये. गुलाबी रंगाचे जे पोटाचे औषध इथे घरोघरी असते ते ॲस्पिरिनच्या जातकुळीतले आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि लहान मुलांना ते चालत नाही. (त्याने जीभ आणि शौच काळे होते. घाबरू नका.) वयस्कर माणसाला चक्कर येत असेल, सहा-सात तास लघवी झाली नसेल किंवा बोलण्यात गोंधळ वाटत असेल, तर घरगुती उपाय पुरे. डॉक्टरांकडे न्या. मेक्सिकोतही तातडीचा नंबर 911 च आहे.

औषधे मूळ बाटल्यांत आणि हातातल्या बॅगेत न्यावीत. इन्सुलिन सामानात टाकले तर गोठू शकते आणि किनाऱ्यावरच्या पिशवीत ठेवले तर तापते. सर्दीची स्युडोएफेड्रिन असलेली गोळी मेक्सिकोत नेण्यास बंदी आहे, ती घरीच ठेवा. तिथल्या पर्यटनस्थळांवरच्या काही छोट्या दुकानांत सुट्या विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत फेंटानिलसारखी जीवघेणी भेसळ आढळली आहे. तेव्हा स्वस्त मिळतात म्हणून अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक गोळ्या तिथे घेऊ नका.

समुद्राबद्दल थोडेच लिहिते. कॅनकूनच्या हॉटेलांची पट्टी वाकड्या कोपरासारखी आहे. उत्तरेकडचा किनारा इस्ला मुहेरेस बेटाच्या आडोशाला असल्याने शांत, तर पूर्वेकडचा खुल्या समुद्राला तोंड देणारा, तिथल्या लाटा माणसाला ओढून नेतात. हॉटेल निवडताना हे पाहावे, विशेषतः म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील तर. किनाऱ्यावर झेंडे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका आणि काळा म्हणजे पाण्यात उतरायचेच नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा. भिजलेली साडी किती जड होते याचा अंदाज आईंना पहिल्याच लाटेत आला, तेव्हा गुडघ्यापुढे जाऊ नये हे बरे.

मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. तापलेल्या वाळूने पाय भाजतात आणि कळतही नाही. पट्ट्याच्या चपला पाण्यातही पायात ठेवाव्यात. आणि सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हेही खरे नाही. तीसच्या वरचे सनस्क्रीन सगळ्यांनी लावावे, पण सेनोटे नावाची जी गोड्या पाण्याची कुंडे तिथे आहेत त्यांत उतरण्यापूर्वी ते धुऊन टाकायला लावतात. म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. डासांचे औषध सनस्क्रीनच्या वर लावायचे, खाली नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. परत आल्यावर ताप भरला तर डॉक्टरांना "मेक्सिकोला जाऊन आलो" हे आधी सांगा, आणि डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन न घेता ॲसिटामिनोफेनच घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द: "मान्तेका". गोव्याकडच्या लोकांना पोर्तुगीज "मांतेगा" म्हणजे लोणी माहीत असते, पण स्पॅनिशमध्ये मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घेवड्याच्या उसळीत आणि कधी पोळीतही ती असते. भातही पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका" हे वाक्य आईंनी पाठ केले होते आणि वाढप्यांना ते फार आवडायचे.

पैशांचे दोन मुद्दे. कार्ड वापरताना यंत्र विचारते, डॉलर की पेसो? नेहमी पेसो म्हणावे. डॉलर म्हटले की दुकानदाराच्या बाजूचा भाव लागतो आणि तो बहुधा महाग असतो. परदेशी व्यवहारावर कित्येक कार्डे तीन टक्क्यांच्या आसपास जादा घेतात, न घेणारे एक कार्ड घरात असू द्यावे. दोन वेगळ्या बँकांची कार्डे दोघांच्या वेगळ्या पाकिटांत ठेवा, आणि बँकेला कळवून निघा. भाड्याने गाडी घेणार असाल तर आपला अमेरिकेतला गाडीचा विमा तिथे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी धरत नाहीत. मेक्सिकोचा विमा घ्यावाच लागतो, म्हणून जाहिरातीतले दिवसाला दहा डॉलर खरे मानू नका.

कागदपत्रांत, आई-वडिलांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा अनेक वेळा येण्याजाण्याचा चालू व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीनकार्ड असलेल्यांनाही नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही हवे. मेक्सिकोला जाऊन आले की आई-वडिलांचे सहा महिने नव्याने सुरू होतात असे मात्र समजू नये, ते विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हातात असते. त्यांची भारताची परतीची तिकिटे जवळ ठेवा. ज्यांच्या व्हिसाची मुदत संपली आहे किंवा ग्रीनकार्डचा अर्ज चालू आहे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

घड्याळाचे एक राहिले. कॅनकूनची वेळ वर्षभर बदलत नाही, हिवाळ्यात ती आपल्या शिकागोच्या एक तास पुढे असते. चिचेन इट्झा दुसऱ्या राज्यात आहे, तिथे पुन्हा एक तास मागे. बसची वेळ आणि गोळ्यांची वेळ कुठल्या घड्याळाने, ते आधी ठरवून घ्या.

बाबांच्या आजारांची, औषधांची आणि जुलाब झाल्यास काय करायचे याची यादी मी एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला स्पॅनिशमध्ये करून घेतली आहे. स्पॅनिश मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तपासून दिले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना कोऱ्या जागा सोडलेल्या प्रती आणीन. ज्यांना हव्या असतील त्यांनी दाराजवळच्या टेबलावरून घ्याव्यात.